'टाक' म्हणायचं काम

एजिदियोनं हात वर केला, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका हातामुळे घडलं.

जत्रेच्या कमिटीची बैठक चर्चमागच्या खोलीत भरली होती. विषय साधा होता. गावचा संत सान रोक्को, त्याच्या जत्रेत संध्याकाळी मूर्तीची मिरवणूक वरच्या चर्चपासून निघते, गावभर फिरते आणि खालच्या चौकात येऊन थांबते. तिथे टेबलं मांडलेली असतात, हंडे उकळत असतात आणि सबंध मोंतेग्रीलो गाव कावातेल्ली, म्हणजे हातानं ओढलेला ताजा पास्ता, खायला बसतं. मिरवणूक औषधाच्या दुकानाशी वळली की वर घंटा वाजायची, आणि ती ऐकून खाली बायका हंड्यांत कावातेल्ली टाकायच्या. या वर्षी घंटेला तडा गेल्यामुळे ती दुरुस्तीला गेली होती. तेव्हा 'आता टाका' हे खाली कळवायचं कुणी, एवढंच ठरवायचं होतं.

कुणीतरी फोन केला म्हणजे झालं, असं फादर ओरेस्ते म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत एजिदियोचा हात वर गेला होता. (एजिदियो नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे बसतो. दिवसभर लोकांना 'उद्या या' म्हणायचं काम असल्यामुळे आज काही करायची संधी दिसली की त्याला राहवत नाही.)

"हे काम माझं," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं करतोय मी ते."

आणि हे काही खोटं नव्हतं. रोज दुपारी खिडकी बंद केली की एजिदियो घरी फोन लावतो. पलीकडून त्याची बायको मिकेलिना म्हणते, "हं." इकडून एजिदियो म्हणतो, "टाक." ती म्हणते, "बरं." झालं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तो घरी पोचून हात धुतो तोवर पास्ता ताटात आलेला असतो, वाफाळता आणि दाताखाली जरासा कणखर, जसा असायला हवा तसा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण त्या घरात पास्त्याचा लगदा कधी झाला नाही. घरातली बाकीची कामं, म्हणजे नळ, वीज, भांडणं आणि मुलीचं लग्न, मिकेलिनाच निभावते. पण चुलीवरचं पातेलं मात्र आपल्या शब्दावर चालतं, हा एजिदियोचा एकुलता एक अभिमान होता, आणि तो त्यानं फार जपून ठेवला होता.

कमिटीनं एकमेकांकडे बघितलं. काम बिनधोक होतं, माणूसही बिनधोक होता. फादरनी मान डोलावली.

घरी येऊन त्यानं ही बातमी सांगितली तेव्हा मिकेलिना पीठ मळत होती. तिनं मळणं थांबवलं नाही, फक्त जरा जोरानं मळायला लागली. तिचंही बरोबर होतं. या वर्षी पहिल्यांदा तिच्या हातात झारा आला होता.

आता झारा म्हणजे नुसता झारा नव्हे. चौकातला तो परातीएवढा झारा जिच्या हातात, ती त्या दिवसाची मालकीण. मीठ किती, जाळ किती, टाकायची कधी, उपसायची कधी, सगळं ती ठरवणार, आणि त्या दिवशी फादरसुद्धा तिच्यापुढे ताट घेऊन गुमान उभे राहणार. गेली कित्येक वर्षं हा झारा आद्दोलोराता मावशीकडे होता, आणि ती तो बरोबर घेऊनच वर जाईल अशी गावाची खात्री होती. पण जूनमध्ये मावशी अंजिराच्या झाडावरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. (या वयात झाडावर चढलात कशाला, असं तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही. अंजिरं पक्षी खात होते, आणि मावशी पक्ष्यांनाही काही फुकट देत नाही.) मावशी एजिदियोच्या अगदी समोरच राहते. गल्ली एवढी अरुंद, की मावशीच्या खिडकीतून एजिदियोच्या ताटात काय आहे ते दिसतं, आणि मावशी ते बघते. तर मावशीनं झारा मिकेलिनाला दिला, पण सोबत स्वतःलाही दिलं. जत्रेच्या दिवशी हंड्याशेजारी खुर्ची टाकून मी नुसती बघत बसेन, असं तिनं सांगून ठेवलं.

गेला आठवडाभर गावातल्या बायका पिठाच्या वळकट्यांचे तुकडे पाडून ते दोन बोटांनी फळीवर ओढत होत्या. ओढलेली कावातेल्ली सुकवायला घरोघरच्या पलंगांवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. त्यामुळे कावातेल्ली पलंगावर आणि नवरे जमिनीवर, अशी गावाची झोपायची व्यवस्था होती. एजिदियोच्या वाट्याला स्वयंपाकघरातला बाक आला होता. तो बाक त्याच्यापेक्षा आखूड होता, पण तक्रार करायची सोय नव्हती.

कारण प्रकरण नाजूक होतं. ताजी कावातेल्ली भारी मानी असते. पाण्यात पडते, बुडते, वर येते, आणि वर आली की तिला लगेच खाल्लं पाहिजे. ताटकळली तर फुगते, एकमेकींना धरून बसते आणि तिची खळ होते, भिंतीला कागद चिकटवायची. माणसानं कावातेल्लीची वाट बघावी, कावातेल्ली कुणाची वाट बघत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. आणि पहिल्याच वर्षी मिकेलिनाच्या हातून सबंध गावाला खळ वाढली गेली असती, तर झारा मावशीकडे परत गेला असता. पण ते परवडलं. आमच्या गावात माणूस मरतो, टोपणनाव मरत नाही. बेकरीवाल्याच्या पणजोबाला एकदा लग्नात डुलकी लागली (स्वतःच्या लग्नात), तर त्याच्या घराण्याला अजून 'झोपाळू' म्हणतात, आणि ते बिचारे पहाटे उठून पाव भाजतात. मिकेलिना 'खळवाली' झाली असती, मुलगी 'खळवाल्यांची' झाली असती, आणि अजून जन्माला न आलेला नातूसुद्धा खळवाल्यांचाच ठरला असता.

जत्रेच्या दिवशी चौकाकडे निघताना मिकेलिनानं एजिदियोची कॉलर नीट केली.

"हे बघ," ती म्हणाली, "तू काही करू नकोस. तिथं उभा राहा. मिरवणूक औषधाच्या दुकानाशी आली की फोन कर. आणि मधे काहीही करू नकोस."

कॉलर नीट केलेली बघून एजिदियो विरघळला. ही घाबरलीय, त्याच्या मनात आलं, आणि माझ्यावर विसंबून आहे. तिला सगळं सुरळीत पार पाडून द्यायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. काही न करता उभं राहणं मात्र त्याच्या कुंडलीतच नव्हतं.

मिरवणूक निघायलाच उशीर झाला. फादर ओरेस्तेंचं प्रवचन लांबलं. एजिदियो चर्चच्या पायरीवर उभा होता, म्हणजे एका पायावर उभा होता आणि मग दुसऱ्या पायावर. त्यानं फोन खिशातून काढला, बघितला, ठेवला. पुन्हा काढला. शर्टाची बटणं मोजली, शेजारच्या माणसाच्या शर्टाचीही मोजली. शेवटी मूर्ती बाहेर आली. फुलांनी मढलेला सान रोक्को, मांडीवरची जखम बोटानं दाखवणारा, आणि पायाशी तोंडात पावाचा तुकडा धरलेलं त्याचं लाकडी कुत्रं. पुढे खांद्याला मोठा रोक्को होता, म्हणजे गावातला खाटीक. (आमच्याकडे निम्म्या पुरुषांची नावं रोक्को आहेत. जत्रेत 'रोक्को' अशी हाक मारली तर मूर्ती सोडून सगळे वळून बघतात.)

आणि मग मिरवणूक मुंगीच्या पावलांनी निघाली. आमची रीत अशी, की ज्या दारात म्हातारं किंवा आजारी माणूस बसलेलं असेल तिथं सान रोक्कोनं थांबायचं. या वर्षी प्रत्येक दारात म्हातारं माणूस होतं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी शेजारून आणून बसवलं होतं. बँडमास्तर काताल्दो आपला बँड घेऊन पुढं चालला होता, आणि मूर्ती थांबली की बँड थांबायचा, बँड थांबला की एजिदियोचं काळीज थांबायचं. खाली पाणी उकळत असेल. मिकेलिना झारा घेऊन उभी असेल. मावशी प्लास्टर मांडीवर घेऊन बघत असेल. उशीर होतोय हे त्या बिचारीला कळणार कसं?

इथं त्याला एक गोष्ट सुचली. त्याला सुचतं, हाच त्याचा रोग आहे. मिकेलिनाला फोन करून सांगावं, की अजून वेळ आहे, घाई करू नकोस, जाळ कमी ठेव. साधी, समजूतदार, नवऱ्यानं करावी अशी गोष्ट.

त्यानं फोन लावला. घंटी वाजली. पलीकडून मिकेलिना म्हणाली, "हं."

आणि एजिदियो म्हणाला, "टाक."

"बरं," मिकेलिना म्हणाली, आणि फोन बंद झाला.

एजिदियोनं फोन कानापासून काढला आणि त्याच्याकडे बघितलं. आपण काय बोललो ते त्याला आधी कळलंच नाही. तोंड आपलं होतं, आवाज आपला होता, शब्दही आपलाच होता. सव्वीस वर्षं त्या 'हं'नंतर त्याच्या तोंडून दुसरं काही बाहेर पडलंच नव्हतं, तर आज कुठून पडणार? मग त्यानं मूर्तीकडे बघितलं. मूर्ती अजून वरच्या आळीत होती. दोन दारं झाली होती आणि गावभर दारं बाकी होती. खाली आठवडाभराची कावातेल्ली उकळत्या पाण्यात पडली होती.

त्यानं पुन्हा फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. कुणी उचलेना. (फोन मिकेलिनानं खुर्चीवर ठेवला होता आणि त्या खुर्चीवर नंतर मावशी बसली, हे मागाहून कळलं. मावशीलाही काहीतरी गुरगुरतंय असं वाटत होतं, पण तिला ते पोटातलं वाटलं.)

धावत खाली जावं, हे पहिल्यांदा मनात आलं. पण जाऊन करायचं काय? पाण्यात पडलेली कावातेल्ली परत पिठात जात नाही. एजिदियोनं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीचा शेवटपर्यंत विचार केला, आणि त्याला दिसलं, की आता एकच उपाय आहे. कावातेल्लीला थांबवता येत नाही, तर खाणाऱ्यांना पळवायचं.

तो आधी फादर ओरेस्तेंकडे गेला. खरं सांगायची सोय नव्हती. खरं सांगितलं असतं तर 'खळवाली' हे नाव तिथंच, मूर्तीसमोर, पडलं असतं. म्हणून तो कुजबुजला, "फादर, जरा पाय उचलूया. आभाळ भरून आलंय."

फादरनी वर बघितलं. ऑगस्टचं आभाळ धुतलेल्या काचेसारखं होतं.

"एजिदियो," फादर म्हणाले, "सान रोक्को माझ्या आजोबांच्या आजोबांपासून याच चालीनं चालतो. तुला घाई असेल तर तू हो पुढे."

मग तो मोठ्या रोक्कोकडे गेला. मोठा रोक्को घामानं निथळत होता, त्याच्या खांद्यावर सबंध संत होता. एजिदियोनं त्याला विचारलं, की जरा भरभर चालता येणार नाही का. रोक्कोनं मान न वळवता सांगितलं, "आम्ही बँडवर चालतो. बँड हळू, आम्ही हळू. तुला काय सांगायचं ते मास्तरला सांग, आणि माझ्या नाकावरची माशी हाकल."

एजिदियोनं माशी हाकलली आणि तो बँडकडे धावला.

बँडमास्तर काताल्दोचं दुःख सगळ्या गावाला ठाऊक आहे. तरुणपणी तो एका सर्कशीच्या बँडमध्ये होता. घोडे रिंगणात दौडायचे तेव्हाची चाल त्यानंच वाजवलेली. मग लग्न झालं, गावात स्थिर झाला, आणि तेव्हापासून मिरवणुका आणि मयती, एवढंच वाजवत आला. ती घोड्यांची चाल बँडला त्यानं शिकवून ठेवली होती, पण वाजवा असं त्याला कधी कुणी म्हटलं नव्हतं.

एजिदियो त्याच्या कानाशी लागला. "मास्तर, कमिटीचं म्हणणं आहे की आज तुमची ती घोड्यांची चाल होऊन जाऊ दे."

मास्तर थांबले. "कमिटीचं?"

"एकमतानं."

मास्तरांनी मूर्तीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी काठी वर केली.

पुढं जे झालं त्याबद्दल गावात आजही दोन मतं आहेत. बँडनं घोड्यांची चाल धरली. खांदेकऱ्यांचे पाय बँडचे गुलाम. ते आधी चटचट पडायला लागले, मग भराभर, आणि तिथून पुढं आमच्या गावचा उतार सुरू होतो. उतारावर एवढी जड मूर्ती एकदा निघाली की ती खांदेकऱ्यांची राहत नाही. सान रोक्को निघाला. मांडीची जखम दाखवत, फुलं उधळत, तो दारांमागून दारं मागं टाकत सुटला. दारात बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात जोडायला घेतले तोवर त्यांच्यापुढून फादर ओरेस्ते झगा गुडघ्यापर्यंत उचलून पळताना दिसत होते. एका आजीनं गुडघ्यावर बसून ओरडायला सुरुवात केली, की संताचा पाय बरा झाला, संत धावतोय. ते ऐकून मागच्या बायकाही धावायला लागल्या, कारण धावत्या संताच्या मागं चालणं बरं दिसत नाही. औषधाच्या दुकानाशी वळण घेताना लाकडी कुत्र्याच्या तोंडातला पाव निसटून उडाला आणि एजिदियोच्या छातीवर आपटला. त्यानं तो झेलला आणि तसाच धावत राहिला. त्या घटकेला तो सुखी होता. आपण मिकेलिनाला वाचवलं, असं त्याला वाटत होतं.

मिरवणूक चौकात घुसली. मोठ्या रोक्कोनं टाचा रोवल्या, मूर्ती टेबलांशी येऊन थांबली. सबंध गाव धापा टाकत बाकांवर कोसळलं. एजिदियो पाव हातात घेऊन हंड्यांकडे धावला.

"उपस," तो ओरडला, "आणलं सगळ्यांना, उपस."

मिकेलिना स्टुलावर बसून चीज किसत होती. हंड्यांतल्या पाण्याला उकळी सोडा, वाफही धड नव्हती. शेजारी पलंगांवरून आणलेली कावातेल्ली चादरींवर जशीच्या तशी, कोरडी ठणठणीत पडली होती.

मिकेलिनानं आधी मूर्तीकडे बघितलं, मग गावाकडे, मग नवऱ्याच्या हातातल्या लाकडी पावाकडे.

"हे सगळे आत्ता कसे आले?"

"तू टाकली नाहीस?" एजिदियो म्हणाला.

"आत्ता कशाला टाकू?"

"मी फोनवर 'टाक' म्हणालो की."

"म्हणालास. मग?"

"मग तू 'बरं' म्हणालीस."

"ते मी रोजच म्हणते," मिकेलिना म्हणाली.

इतका वेळ नुसती बघत बसलेली आद्दोलोराता मावशी खुर्चीत हलली. तिला हसू आवरेना. "अरे बाबा," ती म्हणाली, "तू टाक म्हणतोस, आणि मग कॉफीला थांबतोस. मग न्हाव्याच्या दारात थांबतोस. मग कोपऱ्यावरच्या मांजराची विचारपूस करतोस. तुझ्या 'टाक'वर ही टाकत असती ना, तर सव्वीस वर्षं तू खळ खाल्ली असतीस."

एजिदियोनं मिकेलिनाकडे बघितलं. ती किसणीकडे बघत होती.

"मग टाकते कधी?"

"तू गल्लीत वळलास की मी खिडकीतून हाक देते," मावशी म्हणाली. "आला गं. मग ती टाकते."

ही 'आला गं'ची हाक एजिदियो सव्वीस वर्षं रोज ऐकत आला होता. आपण घरी आलेले पाहून शेजारणीला बरं वाटतं, असा त्याचा समज होता. तो त्या हाकेला रोज हात वर करून उत्तरही देत होता.

"आणि आज?" त्यानं विचारलं. आवाज कुठून तरी लांबून आला.

"आज बँड ऐकून टाकणार होते," मिकेलिना म्हणाली. "औषधाच्या दुकानाशी मास्तर ती रडकी चाल लावतात. दरवर्षी लावतात. ती ऐकली की जाळ मोठा करायचा आणि टाकायची. सरळ काम. पण ती वाजलीच नाही. हे सर्कशीचं कुणी लावलं?"

मास्तर काताल्दोंनी काठी उचलली आणि अगदी सावकाश एजिदियोकडे रोखली. फादर ओरेस्तेंना अजून बोलता येत नव्हतं, पण त्यांनीही बोट तिकडेच केलं. सान रोक्कोचं बोट मांडीवर होतं म्हणून, नाहीतर तेही तिकडेच वळलं असतं.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. गाव धावून आलं होतं, धावलेल्या माणसाला दुप्पट भूक लागते, आणि पाणी काही केल्या उकळेना. लोकांनी काटे टेबलावर आपटायला सुरुवात केली. सगळ्या बायका हंड्यांखाली जाळ करायला बसल्या. आधी पाव संपले, मग ऑलिव्ह संपले, मग ज्या वाईनवर रात्र काढायची ती संपली. फादरनी वेळ काढायला एक लांबलचक प्रार्थना सुरू केली; लोकांनी तीही संपवली. मास्तरांनी न सांगता घोड्यांची चाल पुन्हा दोनदा वाजवली. खळ होण्याची भीती कुठल्या कुठे गेली होती. आता काहीच मिळणार नाही की काय अशी वेळ आली होती, आणि ती नवऱ्यानं आणलेली होती. मिकेलिनाच्या कपाळावर घाम होता. तिनं एजिदियोला हातानंच बाजूला सारलं. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

अखेर पाणी उकळलं. मिकेलिनानं कुणाच्याही 'टाक'ची वाट न बघता टाकली, वर आल्या आल्या उपसली, टोमॅटोच्या गरम सॉसमध्ये फिरवली, वर मूठमूठ चीज, आणि ताटं गेली. पहिला घास घेतल्यावर लोकांनी ताटं आणखी जवळ ओढली. इतक्या भुकेल्या माणसांपुढं तिनं लाकडी कुत्र्याचा पाव वाढला असता तरी त्यांनी बोटं चाटली असती. पण कावातेल्ली खरंच अप्रतिम झाली होती. आद्दोलोराता मावशीनं डाव्या हातानं दोन ताटं खाल्ली, तिसरं मागितलं आणि म्हणाली, "मीठ जरा कमी आहे." यापेक्षा मोठी दाद तिनं आजवर कुणाला दिलेली नाही. झारा मिकेलिनाचा, हे त्या वाक्यातच ठरलं.

एजिदियो मूर्तीमागं बसून कुत्र्याच्या तोंडात पाव परत बसवत होता. त्याच्यापुढं कुणीतरी ताट ठेवून गेलं. त्यानं खाल्लं की नाही ते त्यालाही आठवत नाही. सान रोक्को धावला याचं त्याला काही वाटत नव्हतं, फादर महिनाभर बोलणार नाहीत याचंही नाही. सव्वीस वर्षं आपण रोज एक शब्द बोलत होतो आणि त्या शब्दावर कुणी काहीच करत नव्हतं, एवढंच त्याला जाचत होतं. जाळ, पाणी, बायको आणि शेजारीण मिळून सगळं चाललं होतं, आणि आपल्याला वाटत होतं की आपणच चालवतोय. दुखायचं ते तिथं दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकी बंद केली. हातानं सवयीनं फोन लावला. पलीकडून आवाज आला, "हं."

एजिदियोनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हण की," मिकेलिना म्हणाली.

"कशाला? मावशी आहे की."

"मावशी प्लास्टर काढायला डॉक्टरकडे गेलीये." मग ती म्हणाली, "म्हण."

"टाक," तो म्हणाला.

"बरं." आणि या वेळी फोन बंद झाला नाही. त्याला पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज ऐकू आला, चुबुक चुबुक असा. त्या आवाजासारखं गोड काही त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तो निघाला. आज कॉफी नाही, न्हावी नाही, मांजर नाही, थेट घर. पण सबंध गाव त्याचीच वाट बघत होतं. कॉफीवाला कप घेऊन आडवाच आला आणि संत कोणत्या गिअरमध्ये होता ते विचारायला लागला. मोठ्या रोक्कोनं त्याला आपला सुजलेला खांदा दाखवला, दोन्ही बाजूंनी. न्हाव्यानं निम्मी दाढी केलेल्या माणसाला तसाच सोडून रस्त्यात घोड्यासारखं दौडून दाखवलं. ती कालची आजी तर त्याचा हात सोडेना. माझ्या दारात संत थांबलाच नाही, तेव्हा पुढच्या वर्षी मला उताराच्या तोंडाशी आणून बसव, असं वचन घेऊनच तिनं त्याला सोडलं. एजिदियो सगळ्यांच्या हाता-पाया पडत, हात सोडवत, शेवटी धावत घरी पोचला.

ताट मांडलेलं होतं. मिकेलिना समोर बसली होती. ताटातला पास्ता फुगून एकजीव झाला होता. काटा रोवला तर सगळा एकदम उचलला जात होता.

"तुझ्या शब्दावर टाकला," ती म्हणाली.

एजिदियो बसला. त्यानं पहिला घास घेतला, मग दुसरा. ताट पुसून खाल्लं.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

त्याला फार छान काहीतरी बोलायचं होतं, पण दात एकमेकांना चिकटले होते. म्हणून त्यानं नुसती मान हलवली आणि ताट पुढं केलं.

मिकेलिनानं ते पुन्हा भरलं. "खा पोटभर," ती म्हणाली, "उद्या मावशी घरी आहे."